ओट्याची उंची कोपराला विचारा: कोकणातल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर

रत्नागिरीत कुणी फ्लॅट घेतला की स्वयंपाकघरासाठी मला बोलावतात. मी पोचते तेव्हा बहुतेक वेळा लॅमिनेटच्या नमुन्यांचं पुस्तक उघडलेलं असतं, ट्रॉल्यांचं कोटेशनही आलेलं असतं. मी आधी विचारते, या घरात नारळ कोण खवतं? भाकरी कोण थापतं? मासे कोण साफ करतं? मग त्या माणसाला ओट्यापुढे उभं करते आणि टेप काढते. रंग नंतरही बदलता येतो. ओटा एकदा बसला की पुढची कित्येक वर्षं पाठ आणि खांदे त्याच्या तालावर चालतात.

आमच्याकडच्या जुन्या घरांत चूल, पाटा, विळी, परात सगळं जमिनीवर असायचं आणि बाई प्रत्येक कामाला वेगळी बसायची: चुलीपुढे पाटावर, विळीवर एक पाय दुमडून, पाट्यापुढे गुडघे टेकून. त्यात त्रास होता, धूर होता, पण दर कामाला अंगाची ठेवण बदलत होती. फ्लॅटनं ही सगळी कामं उचलून दगडाच्या एका सरळ पट्टीवर, एकाच उंचीवर आणून ठेवली. काम तेच राहिलं. माझ्या मते खांदेदुखी आणि पाठदुखी तिथून सुरू होते, म्हणून स्वयंपाकघर आखायला घेताना मी त्या एका पट्टीचे तुकडे करते.

कोपर कसं मोजायचं

स्वयंपाक चप्पल घालून करत असाल तर चप्पल घालून उभ्या राहा. खांदे सैल सोडा, दंड अंगालगत, हात कोपरात काटकोनात. दुसऱ्या माणसानं जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत टेप धरायचा. हा आकडा भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवा, पुढची सगळी मापं यातूनच निघतात. साधारण पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर ३८ इंचांच्या आसपास येतं, पाच फूट चार इंचाला ४० च्या जवळपास. तरी अंदाजानं धरू नका. सारख्या उंचीच्या दोन जावांची कोपरं वेगळ्या उंचीवर असतात.

भाजी चिरणं, निवडणं, डबे भरणं अशा हलक्या कामाला ओटा कोपराच्या ४ ते ६ इंच खाली हवा. भाकरी थापणं, कणीक तिंबणं, पोळ्या लाटणं यांत वरून जोर द्यायचा असतो. त्याला ६ ते ८ इंच खाली हवा, म्हणजे हात सरळ होतो आणि अंगाचं वजन कामाला येतं. सिंकचं उलटं. तिथे हात भांड्यापाशी, म्हणजे सिंकच्या पोटात जातात, म्हणून काठ कोपराच्या फक्त २–३ इंच खाली असला तरी चालतो. सिंक ओट्याच्याच पातळीला आणि त्यात ९–१० इंच खोल घेतलं, की भांडी घासणारी व्यक्ती रोज कमरेत वाकते. सात-आठ इंच खोली पुरते.

शेगडीची गोष्ट सगळ्यांत जास्त विसरली जाते. शेगडीसाठी बर्नरची उंची धरायची नसते, टोपाच्या काठाची धरायची असते. रत्नागिरीजवळच्या नाचणे गावातल्या एका काकूंचा खांदा दुखायचा. कोपर ३८ इंचांवर, ओटा ३४ इंच, म्हणजे चिरायला अगदी बरोबर. पण त्यावर ५ इंचांची शेगडी, शेगडीवर ६ इंचांचा टोप. काठ गेला ४५ इंचांवर, कोपराच्या ७ इंच वर. माशाचं कालवण ढवळताना, भात उपसताना दर वेळी खांदा उचलायचा. आम्ही ओट्याचा शेगडीखालचा तीन फुटांचा तुकडा कापून ५ इंच खाली घेतला. आता काठ ४० इंचांवर आहे, आतलं दिसतं, आणि संकष्टीला मोदकपात्राचं झाकण उघडताना वाफ तोंडावर येत नाही.

असा तुकडा खाली घ्यायचा ठरवलात तर एक लक्षात ठेवा. खालच्या ओट्याखाली गॅसचा सिलिंडर मावेलच असं नाही. रेग्युलेटर लावून त्याची उंची मोजा आणि वर हात घालायला जागा सोडा. जमत नसेल तर सिलिंडर शेजारच्या उंच भागाखाली ठेवा. सिलिंडर उभाच हवा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर हवी.

घरात दोन माणसं स्वयंपाक करत असतील आणि त्यांच्या उंचीत फरक असेल, तर ओटा बुटक्या माणसाच्या मापानं करा. उंच माणसाला दोन इंच जाडीचा लाकडी पाट देता येतो, त्यावर चिरायचं. उंच ओटा बुटक्या माणसासाठी खाली करता येत नाही.

ओटा आधीच बांधलेला असेल तर

बहुतेक फ्लॅटमध्ये तो बांधलेलाच असतो: खाली कडप्प्याच्या उभ्या फरश्या, त्यावर कडप्पा, वर ग्रॅनाइट. सगळं फोडायची गरज क्वचितच पडते.

ओटा उंच वाटत असेल तर आधी शेगडी बदलून पाहा. ग्रॅनाइट कापून आत बसणारी हॉब घेतली की बर्नर जवळजवळ ओट्याच्या पातळीला येतात आणि तीन-चार इंच वाचतात. कापताना पुढची दगडाची पट्टी किमान तीन इंच शिल्लक राहू दे, नाहीतर ती तडकते. चिरायला आणि थापायला मात्र वेगळी, कमी उंचीची जागा करा. ओट्याखालून बाहेर ओढता येईल अशी, तुमच्या कोपराच्या मापानं बसवलेली जाड फळी, खालून एक घडीचा पाय. पायाशिवायच्या फळीवर भाकरी थापू नका, ती हलते.

पायाखाली पाट घेऊन उभं राहायची सवय पुष्कळ घरांत असते. छोटा पाट धोक्याचा, मागे सरकलं की पाय घसरतो. घ्यायचाच असेल तर ओट्याच्या लांबीभर, दोन फूट रुंदीची, भक्कम फळी करून घ्या आणि खाली रबर लावा.

ओटा कमी उंचीचा असेल तर काम सोपं. जाड चॉपिंग बोर्ड, सिंकमध्ये भांड्यांखाली जाळीचा उंचवटा, एवढ्यानं पुष्कळ भागतं.

आणखी एक छोटी गोष्ट, जी मी प्रत्येक सुताराशी भांडून करून घेते. ट्रॉल्यांची दारं थेट जमिनीपर्यंत आणू नका. खालून ४ इंच उंच आणि ३ इंच आत अशी पायांची खाच सोडा. ती का हवी, ते करून पाहा: भिंतीला पायाची बोटं टेकवून उभ्या राहा आणि भिंतीवर काहीतरी चिरल्यासारखे हात हलवा. अंग मागे जातं, मग कमरेतून पुढे वाकावं लागतं. रोज दोन तास हेच होतं, फक्त तीन इंचांसाठी.

नारळ, मासे आणि भाकरी

मॉड्युलर किचनच्या पुस्तकांत जे येत नाही ते हे. आमच्याकडे रोज नारळ लागतो. वाटपाला, सोलकढीला, भाजीवर. विळीच्या खवणीवर खवायचं म्हणजे खाली बसणं आलं, आणि गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला डॉक्टर खाली बसू नका म्हणूनच सांगतात. मग घरातली म्हातारी माणसं विळी ओट्यावर ठेवून उभ्यानं खवतात. हे मला फार भीतीदायक वाटतं. विळीच्या पाटावर पायाचा दाब नसतो, ती सरकते, आणि पातं छातीच्या उंचीला असतं.

मी दोन उपाय करते. ज्यांना हातानं फिरवायची खवणी चालते त्यांच्यासाठी ओट्याच्या काठाला पकड बसेल अशी जागा ठेवते. त्या जागी दगडाचा काठ पुढे किमान दीड इंच आलेला हवा आणि खाली लगेच ड्रॉवर नको, नाहीतर पकडीचा स्क्रू फिरत नाही. ज्यांना आपल्या जुन्या खवणीशिवाय चव, म्हणजे खवलेला नारळ, बारीक पडत नाही असं वाटतं, आणि ते खरंही आहे, त्यांच्यासाठी बाक करून देते. १६–१७ इंच उंच, भक्कम, फणसाच्या किंवा सागाच्या लाकडाचा, एका टोकाला खवणीचं पातं पक्कं बसवलेलं. माणूस बाकावरच बसतो, त्याच्याच वजनानं बाक हलत नाही. चव पडायला खाली स्टुलावर ताट. पात्यावर चामड्याचं किंवा लाकडाचं टोपण हवंच, घरात मुलं असोत नसोत.

बसून काम करायची सोय करणं म्हणजे आळस, असं काही घरांत मानतात. मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या कामगारवस्तीसाठी स्वयंपाकघर आखलं. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथे आहे. जागा फक्त १.९ मीटर बाय ३.४ मीटर होती, एकेक पाऊल मोजून सामान मांडलं होतं. तरी त्यांनी खिडकीपाशी काम करायला टेबल आणि फिरतं स्टूल ठेवलं होतं. आपण ट्रॉल्या घेतल्या, स्टूल मात्र मागे राहिलं. भिंतीला घडीची फळी लावा, जमिनीपासून २८ इंचांवर, आणि साधी खुर्ची. भाजी निवडणं, कोळंबी सोलणं, फणसाचे गरे काढणं, मोदक वळणं तिथे होतं.

माशांसाठी मुख्य सिंक वापरू नका. मागच्या ड्राय बाल्कनीत नळ आणि निचरा असतोच, तिथे लहान ओटा करून घ्या, कोपराच्या ५ इंच खाली, तिन्ही बाजूंनी अर्धा इंच उचललेला काठ, उतार सिंककडे. वर हातात धरता येणारा फवारा. सिंकच्या तोंडाशी बारीक जाळी हवी, खवले पाइपात गेले की अडकतात आणि वास राहतो. वर प्रखर दिवा लावा. मिरकरवाडा बंदरावरून संध्याकाळी आणलेले बांगडे अंधुक उजेडात कापायची पाळी येऊ नये. खालची फरशी खरखरीत घ्या. ओल्या फरशीवर धारदार सुरी हातात घेऊन घसरण्यापेक्षा वाईट काही नाही.

भाकरीबद्दल वर आलंच. एवढंच सांगते की परातीची जागा शेगडीच्या उजव्या किंवा डाव्या हाताला, तुम्ही भाकरी ज्या हातानं उचलता त्या बाजूला ठेवा. थापलेली भाकरी घेऊन अंग वळवायला लागू नये.

मांडणी

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार वेगळी जेवणाची जागा असलेल्या घरात स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि रुंदी किमान १.८ मीटर असते. आपल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये त्याच्या आसपासच जागा मिळते, म्हणून फ्रिज, सिंक आणि शेगडी यांचा त्रिकोण वगैरे फार ताणत बसू नका. क्रम सांभाळा: फ्रिज, मग सिंक, मग चिरायची जागा, मग शेगडी, मग उतरवलेलं भांडं ठेवायला किमान एक फूट. सिंक आणि शेगडीच्या मध्ये अडीच-तीन फूट सलग दगड मोकळा ठेवा. मिक्सर, ओव्हन, पाण्याचा फिल्टर यांनी तीच जागा खाल्लेली मला घरोघर दिसते. मिक्सर तिथून हलवाच. तो ओट्यावर ठेवला की भांड्याचं झाकण खांद्यापर्यंत येतं आणि झाकण दाबून धरायला हात वर न्यावा लागतो. वाटप रोजचं असेल तर त्याला बाहेर ओढायच्या फळीवर, २६–२८ इंचांवर जागा आणि शेजारी स्वतंत्र प्लग द्या.

शेगडी कोपऱ्यात नको, कोपर भिंतीला लागतं. खिडकीच्या बरोबर खालीही नको, पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा ज्योत मुरडतो. खिडकीपासून फूटभर बाजूला घ्या.

समोरासमोर दोन ओटे करायचे असतील तर मध्ये ३६ इंच हे कमीत कमी, ४२ मिळाले तर उत्तम. गणपतीत चाकरमानी आले की तीन-चार जणी एकाच वेळी आत असतात. गरम टोप घेऊन कुणाच्या पाठीमागून जायला लागतं तेव्हा हे सहा इंच कळतात.

काय कुठे ठेवायचं

रोजचं आणि जड ते कमरेपासून खांद्यापर्यंत. कधीतरीचं आणि हलकं ते वर. कुकर, तवे, कढया ओट्याखालच्या पहिल्या दोन ड्रॉवरमध्ये. खाली ड्रॉवरच करा, दाराचे खण नकोत. खणात मागचं भांडं काढायला गुडघे टेकावे लागतात, ड्रॉवर बाहेर येतो आणि सगळं वरून दिसतं. तांदळाचा मोठा डबा चाकांच्या फळीवर. भरलेला घरगुती सिलिंडर तीसेक किलोचा असतो, त्यालाही चाकांची ट्रॉली द्या आणि एकटीनं उचलू नका.

वरची कपाटं ओट्यापासून २० इंचांवर सुरू करा आणि खोली १२ इंचांच्या पुढे नेऊ नका, नाहीतर चिरताना कपाळ आपटतं. माळ्यावर लोणच्याच्या भरलेल्या बरण्या चढवू नका.

खारी हवा

पुण्या-मुंबईच्या डिझाइनरनं दिलेली यादी इथे तशीच चालत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि मांडवी, मिऱ्या, भाट्ये अशा समुद्रालगतच्या भागांत हवेतलं मीठ प्रत्येक बिजागरीवर बसतं. ड्रॉवरचं चॅनल गंजलं की तो ओढायला दुप्पट जोर लागतो. मनगट तिथे दुखायला लागतं. म्हणून सामानाची निवडही पाठीच्या आणि हाताच्या काळजीतच येते.

प्लायवर आयएस ७१० हा शिक्का पाहून घ्या. या प्रतीची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात होते. आयएस ३०३ ची पाणी सोसणारी प्रत त्याहून हलकी आहे, ती वरच्या कपाटांना चालेल, सिंकखाली नको. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ नकोच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरांत मी गेले आहे. पार्टिकल बोर्ड फुगून भुसा झाला होता. कडप्प्याच्या फरशा आणि स्टीलच्या जाळ्या धुऊन पुन्हा वापरात आल्या. पुराच्या पट्ट्यात तळमजला असेल तर खालचा भाग कडप्पा आणि स्टीलचाच करा, दारं स्क्रू काढून उतरवता येतील अशी.

स्टीलमध्ये २०२ ग्रेड स्वस्त पडते आणि इथे लवकर डागते. ३०४ घ्या. अगदी समुद्रासमोर राहत असाल आणि परवडत असेल तर बिजागऱ्या, चॅनल ३१६ मध्ये मिळतात का विचारा. त्यात मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला जास्त दाद देत नाही. ३०४ सुद्धा आठवड्याला गोड्या पाण्याच्या फडक्यानं पुसायला हवं. मीठ स्टीलच्या डब्यात न ठेवता चिनी मातीच्या बरणीत ठेवा. ओट्याला संगमरवर लावू नका, कोकमाचं आगळ आणि लिंबू त्याला खातात.

कपाटाची पाठ बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, इंचभर मोकळं सोडा. पश्चिमेची भिंत जुलैत ओल धरतेच.

उजेड, धूर, गॅस

खोलीच्या मध्यावरचा दिवा तुमच्या पाठीमागे असतो आणि तुमचीच सावली सुरीवर पडते. वरच्या कपाटाखाली, पुढच्या कडेला एलईडीची पट्टी लावा. चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंचांवर, धूर बाहेर टाकणारीच घ्या. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाच्या दाराला तळाशी जाळी हवी. नळी आयएसआय शिक्क्याची, दीड मीटरपेक्षा लांब नको, पाच वर्षांनी बदलायची.

सगळं विजेवर टाकू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगडकडच्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. इंडक्शन असू दे, पण दोन बर्नर गॅसचे, हातानं फिरवायची खवणी आणि उघडणारी खिडकी घरात असू दे.

काम सुरू करताना

दगड कापण्याआधी विटा आणि एक प्लायची फळी घेऊन ठरलेल्या उंचीचा खोटा ओटा रचा. वर तुमचीच शेगडी, तुमचाच टोप, त्यात पाणी. दहा मिनिटं ढवळा. बाजूला परात ठेवून पीठ मळा. खांदा उचलला गेला तर एक वीट काढा. हे मिस्त्रीसमोरच करा आणि ठरलेलं माप त्याच्या वहीत त्याच्याच हातानं लिहून घ्या.

काम दिवाळीनंतर काढा, शिमग्यापर्यंत संपवा. जुलैत बसवलेलं दार उन्हाळ्यात सैल पडतं, आणि एप्रिलमध्ये अगदी घट्ट बसवलेलं पावसात उघडत नाही, म्हणून दारांमध्ये तीन मिलिमीटरची फट मागून घ्या. सुताराचा शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक ड्रॉवर रोजच्या भांड्यांनी भरा आणि एका बोटानं ओढून पाहा. अडकला तर चॅनल तेव्हाच बदलून घ्या.